परवाना हरवला परदेशात, धावपळ घाटकोपरात

गेल्या रविवारी सकाळीच शेजारच्या मावशी दारात आल्या. "जयभीम दादा," म्हणाल्या, पण आवाज बसलेला होता. त्यांचा मुलगा आखातात ट्रेलर चालवतो. तिकडे त्याचे पाकीट हरवले आणि त्यात इथले लायसन्स गेले. आता नोकरी बदलायची तर नवा मालक भारतातले लायसन्स मागतो. एका एजंटाने मावशींना सांगितले, "पंधरा हजार द्या आणि मोबाईलवर येणारा नंबर मला सांगा, बाकी मी बघतो." मावशी भिशीचे पैसे उचलायला निघाल्या होत्या.

मी म्हटले, "मावशी, थांबा. पैसे देऊ नका आणि तो नंबर तर कुणालाच सांगू नका."

आपल्यातली कितीतरी मुले बाहेरदेशी गाडी चालवतात. उद्या ही वेळ कुणावरही येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

वस्तू जिथे हरवली तिथल्या पोलिसांत मुलाने तक्रार नोंदवावी व तिची प्रत घरी पाठवावी. भारतीय वकिलात लायसन्स काढून देत नाही, ते काम आपल्या आरटीओचेच. नंबर एमएच ०२ ने सुरू होत असेल तर अंधेरी, ०३ असेल तर वडाळा, ४७ असेल तर बोरिवली.

हा नंबर सापडला की अर्धे काम झाले. घरातली जुनी झेरॉक्स शोधा, किंवा मुलाच्या डिजिलॉकरमध्ये पाहा. डिजिलॉकरमधले लायसन्स आपल्या रस्त्यावर २०१८ पासून ग्राह्य आहे, पण परदेशातला मालक ते मानेलच असे नाही. लायसन्स फार जुने, पुस्तकाच्या स्वरूपातले असेल, तर संगणकात त्याची नोंद आहे का हे आधी आरटीओत विचारावे.

दुय्यम प्रतीचा अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर होतो. मार्च २०२१ मध्ये केंद्राने आधारच्या ओळखीवर घरबसल्या मिळणाऱ्या १८ सेवा ठरवल्या, त्यांत ही दुय्यम प्रतही आहे. मात्र ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाईलवर. मुलगा तिकडचे सिम घेतो, इकडचे रिचार्जअभावी बंद पडते आणि सगळे अडते. म्हणून ते सिम घरच्या फोनमध्ये चालू ठेवावे.

दुसरी अडचण पत्त्याची. लायसन्स टपालाने नोंदलेल्या पत्त्यावर येते. मावशींची जुनी चाळ पुनर्विकासात पडली. पोस्टमन जाणार कुठे? अशा वेळी आधी पत्ता बदलून घ्यावा.

तिसरी गोष्ट मुदतीची. दुय्यम प्रत म्हणजे नूतनीकरण नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वाहनाचे लायसन्स साधारणपणे ५ वर्षांचे असते. मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा तारीख पाहून घ्यावी. आंतरराष्ट्रीय परवाना वेगळा, तो एक वर्षाचा असतो. परदेशात असतानाच तो संपला तर २०२१ पासून वकिलातीमार्फत अर्ज करता येतो.

मावशींनी घरी जाऊन पत्र्याची पेटी उपसली. तळाशी झेरॉक्स निघाली, मुदत अजून दोन वर्षे शिल्लक. मुलाचे जुने सिमही एका डबीत सापडले. संध्याकाळी मुलाशी फोनवर बोलत धाकट्या मुलीने पत्त्याचा अर्ज भरला, तो झाला की दुय्यम प्रतीचा भरायचा आहे. सरकारी शुल्क तिने स्वतः भरले, पावती जपून ठेवली.

वाचकहो, आजच घरातल्या प्रत्येक लायसन्सच्या दोन झेरॉक्स काढा. एक पेटीत ठेवा, एक बाहेरगावच्या मुलाकडे द्या. दोन-चार रुपयांचे काम आहे. मावशींची भिशी मात्र भिशीतच राहिली.