रहस्यकथांना कपाटात जागा का नाही?

भारतातून पुस्तकं मागवायची वेळ आली, की मंडळाच्या बैठकीत यादी जवळजवळ ठरलेलीच असते. ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, पु. ल., दोन-चार चरित्रं आणि पाककृतींचं एखादं पुस्तक. सगळं उत्तम, वादच नाही. पण कुणी हळूच ‘बाबूराव अर्नाळकर मागवू या का?’ असं विचारलं, की हशा पिकतो. ‘चोर-पोलिसांची पुस्तकं? मुलांवर काय संस्कार होणार?’ विषय संपला. (विचारणारे सद्गृहस्थ रात्री टीव्हीवर ब्रिटिश खुनांच्या मालिका चवीनं पाहतात, तो भाग वेगळा!)

हा हशा मला खटकतो. न्यूझीलंडमध्ये राहून तर जास्तच, कारण या देशाची एक जगप्रसिद्ध लेखिका आयुष्यभर खुनांच्याच गोष्टी लिहीत होती. डेम नायो मार्श. (वेलिंग्टनकरांना ‘नायो’ हे उपनगर म्हणून ठाऊक असेल, मुळात ते एका इथल्या झाडाचं माओरी नाव.) जन्म १८९५, क्राइस्टचर्च. पहिली कादंबरी १९३४ ची, शेवटची १९८२ ची, म्हणजे मृत्यूच्याच वर्षीची. एकूण ३२ कादंबऱ्या, आणि सगळ्यांत तपास करणारा एकच, रॉडरिक ॲलन. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, मार्जरी ॲलिंगहॅम आणि ही, अशा चार ‘राण्या’ मानल्या जात. १९४९ मध्ये तिची दहा पुस्तकं प्रत्येकी एक लाख प्रतींनी एकदम बाजारात आली. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या रहस्यकथा लेखकांच्या संघटनेनं तिला ‘ग्रँड मास्टर’ हा सर्वोच्च सन्मान दिला.

आणि घरच्या मैदानावर? इथले विद्वान मित्र माझ्या पुस्तकांचा विषयच सौजन्यानं टाळतात, असं तिनं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्यांच्या लेखी ती नाटकवाली बाई. तेही खोटं नव्हे. १९४३ मध्ये कँटरबरीच्या कॉलेजातली मुलं घेऊन तिनं आधुनिक वेषातला ‘हॅम्लेट’ बसवला आणि पुढे कित्येक वर्षं विद्यार्थ्यांकडून शेक्सपिअर करून घेतला. १९६७ मध्ये विद्यापीठाच्या नाट्यगृहाला तिचं नाव दिलं गेलं. नाटक म्हणजे संस्कृती, खुनाची गोष्ट म्हणजे टाइमपास! ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे भालबा केळकर म्हटलं, की पुण्याची पीडीए आठवते. समग्र शेरलॉक होम्स मराठीत आणणारेही तेच, हे किती जण सांगतील? सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ चालते, पण त्याच शिरवळकरांचा फिरोज इराणी मात्र नको.

‘संस्कारां’चा मुद्दा तर मला कधीच कळला नाही. महाभारत आपण मुलांच्या हाती कौतुकानं देतो. त्यात भर सभेत वस्त्रहरण आहे, एकट्या अभिमन्यूला घेरून मारणं आहे, झोपलेल्यांची कत्तल आहे. रहस्यकथेत निदान खुनी सापडतो!

दुसरा आक्षेप दर्जाचा, आणि तो खरा आहे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. ती सगळी चांगली असणं शक्यच नाही. झुंजार आणि काळापहाड एकेका पुस्तकात फारच सोयीस्करपणे सुटतात. पण वाचनालयात त्या पुस्तकांसाठी नंबर लावणाऱ्या पोरांना वाचायची चटक लागली, आणि त्यातलीच पुढे खांडेकरांकडे गेली. इथे वाढलेलं मूल, जे मराठी अक्षरं लावत लावत वाचतं, ते ‘ययाति’पासून सुरुवात करेल ही आशा सोडा. पान उलटायला ‘पुढे काय झालं?’ हेच कारण लागतं.

मार्शबद्दल माझी तक्रार एकच: ३२ पैकी फक्त चारच कादंबऱ्या तिनं न्यूझीलंडमध्ये घडवल्या. त्या चारांत काय ताकद आहे! ‘डाइड इन द वूल’मध्ये साउथ आयलंडच्या डोंगरातल्या मेंढ्यांच्या स्टेशनवरून बाई नाहीशी होते आणि प्रेत सापडतं लोकरीच्या दाबलेल्या गठ्ठ्यात. ‘कलर स्कीम’मध्ये उकळत्या चिखलाचं डबकं आहे. भारतातून सासू-सासरे आले, की आपण त्यांना रोटोरुआला तसलाच चिखल दाखवतो आणि फोटो काढून परत येतो. तिनं तिथे एक माणूस ढकलला!

देशाला मात्र उशिरा का होईना, जाग आली. २०१० पासून इथल्या रहस्यकथांना तिच्याच नावाचा पुरस्कार मिळतो. पहिला मिळाला ॲलिक्स बॉस्को या टोपणनावाला. त्यामागे निघाले नामवंत नाटककार ग्रेग मॅगी. क्राइस्टचर्चच्या पॉल क्लीव्ह यांनी तो तीनदा पटकावला, २०११, २०१५ आणि २०१६ मध्ये.

तेव्हा यंदाच्या यादीत भालबांचा होम्स, शिरवळकर आणि मिळतील तेवढे अर्नाळकर घाला. आणि पुढच्या स्मरणिकेसाठी कुणीतरी इथली मराठी खूनकथा लिहा, गणेशोत्सवाच्या हॉलमधली. संशयित म्हणून अख्खी कार्यकारिणी हाताशी आहेच. फक्त प्रेत मोदकांच्या पातेल्यापासून जरा लांब सापडू द्या.