नवलकोलची साडेतीन महिन्यांची बाग

मासिकांतले टेरेस गार्डनचे फोटो बघितलेत? बारा महिने हिरवंगार! फोटोखाली फक्त एक गोष्ट लिहिलेली नसते, ती म्हणजे हे गार्डन बहुतेक वेळा पुण्याचं किंवा बेंगळुरूचं असतं. आपल्या अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा गच्चीवर अनवाणी उभं राहता येत नाही, तिथे पालक-मेथी काय उभी राहणार? मग कुंड्या रिकाम्या होतात आणि आपण जाहीर करून टाकतो, ‘आपल्या हाताला गुणच नाही!’

हाताला गुण आहे हो. कॅलेंडर चुकतंय. अमरावती-अकोल्यात बाग बारमाही ठेवायचा हट्टच सोडून द्या. दसऱ्याला सुरू, संक्रांतीच्या आसपास बंद. साडेतीन महिने, बस्स! आणि या छोट्या सीझनचा खरा हीरो म्हणजे नवलकोल.

कुणी याला गाठगोबी म्हणतं. जर्मनांनी ‘कोबी’ आणि ‘सलगम’ या अर्थाचे दोन शब्द जोडून त्याचं नाव ठेवलं कोलराबी. दिसायला कंद, पण हा कंद नाहीच. जमिनीच्या वर फुगलेलं खोड आहे ते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही एकाच जातीची भावंडं. म्हणजे मॉलमध्ये ब्रोकोलीला ‘वॉव’ म्हणायचं आणि इतवारा बाजारात नवलकोलसमोरून नाक मुरडून जायचं, हा शुद्ध अन्याय आहे!

आपल्याकडे हाच भाऊ कामाचा का? कारण आपली थंडी छोटी. फ्लॉवरचा गड्डा धरायला जास्त दिवस लागतात, मध्येच ऊन वाढलं की तो बिघडतो. नवलकोलची ‘व्हाइट व्हिएन्ना’ ही जात लवकर येणारी. रोप लावल्यापासून दीड-दोन महिन्यांत भाजी हातात. थंडी जायच्या आत काम फत्ते.

आता खरा प्रश्न. घरातली मोठी माणसं तो पहिल्याच दिवशी विचारतात, ‘घरात प्याले पाणी नाही बाप्पा, अन् तुले काऊन गोबी लावाची हाय?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. अकोल्याचं पाणी काटेपूर्णा प्रकल्पातून येतं, अमरावतीचं अप्पर वर्ध्यातून. पावसाने दगा दिला की काय हाल होतात, ते दोन्ही गावांनी भोगलंय. अशा गावात नळाला पाइप लावून बाग भिजवणं बरं दिसत नाही, आणि ते बरं नाहीच.

म्हणून हिशेब करू. संत्र्याचा प्लॅस्टिक क्रेट घ्या. आत बारदाना अंथरा. एका क्रेटमध्ये वीतभर अंतरावर सहा रोपं बसतात. हिवाळ्यात त्याला दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पुरतं. तीन क्रेट म्हणजे अठरा रोपं आणि सहा लिटर. चार माणसांच्या घरात तांदूळ, डाळ, भाजी धुतल्यावर जवळजवळ तेवढं पाणी मोरीत जातं. बादली सिंकखाली ठेवली की झालं. साबणाचं पाणी मात्र नको. आणि पाण्याची खरी ओढाताण सुरू होते मार्चनंतर. तोवर तुमचे क्रेट रिकामे! पाण्याच्या गावात शहाणपणाची बाग ती हीच.

एक सूचना आरओवाल्यांना. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला ठाऊक आहे. तिथलं बोअरचं पाणी मुळात खारट, त्यात आरओच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात. ते क्रेटमध्ये ओतलंत तर माती खराब होईल. ते फरशी पुसायला वापरा.

मातीचंही तसंच. काळी माती कपाशीसाठी सोनं, पण क्रेटमध्ये एकटी भरली की भिजल्यावर चिखल आणि सुकल्यावर सिमेंट. एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग रेती. वर मूठभर निंबोळी ढेप. गावाकडून कोणी येणार असेल तर तुरीचं नाही तर सोयाबीनचं कुटार मागवा आणि रोपांभोवती पसरून द्या. ओल टिकते, पाणी कमी लागतं.

वेळापत्रक सोपं आहे. दसऱ्याच्या सुमाराला एका ट्रेमध्ये बी पेरा. आठवड्यात उगवतं. दिवाळीच्या आसपास चार-पाच पानं आली की रोपं संध्याकाळी क्रेटमध्ये लावा. पंधरा दिवसांनी दुसरी छोटी पेरणी करा. पहिला तोडा नाताळात, दुसरा संक्रांतीला. ऊन रोज पाच-सहा तास हवं. पाणी नियमित द्या. चार दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर ओतलं की नवलकोल तडकतो. पानांवर मावा किंवा बारीक अळ्या दिसल्या तर पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, फवारा. फुकटचा फंडा!

सगळ्यात अवघड काम शेवटी : वेळेवर कापणं. टेनिस बॉलएवढा झाला की कापायचा, जरा लहान असला तर आणखी बरं. ‘अजून थोडा मोठा होऊ दे’ म्हणून आठ-दहा दिवस थांबलात की आत लाकूड! इन्क्रिमेंटची वाट बघण्याची आपल्याला सवय आहे, पण इथे ती उपयोगाची नाही.

कोवळा असेल तर साल काढून, चकत्या करून, मीठ-लिंबू-तिखट लावून कच्चाच खा. संध्याकाळच्या चिप्सला छान पर्याय. किसून दाण्याचं कूट घातलं की कोशिंबीर. चण्याची डाळ घालून भाजी करा, सोबत ज्वारीची गरम भाकर. पानं टाकू नका, लसणाच्या फोडणीत परतली की त्यांचीही भाजी होते.

पैसे वाचतील म्हणून मात्र हे करू नका. अठरा नवलकोल म्हणजे फार तर चार-पाच वेळची भाजी. अकोल्याच्या जनता भाजी बाजारात ती स्वस्तात मिळेल. पण एकदा अठरा रोपं सांभाळली की काका-मामा शेतातून फोनवर ‘यंदा पाण्यानं घात केला’ म्हणतात, त्याचा अर्थ नीट कळायला लागतो. आपल्यातल्या बहुतेकांचं घर शेतीवर उभं राहिलंय, आणि आपल्याच पिढीची बोटं मातीला सगळ्यात कमी लागलीत.

बियाण्याचं पाकीट कृषी केंद्रात मिळतं. अडलंच तर अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. विचारायला लाजू नका. आणि संक्रांत झाली की क्रेट रिकामे करा, माती उन्हात पसरा, बादली पुन्हा बाथरूममध्ये ठेवा. बाग मेली नाही, सीझन संपला. पुढच्या दसऱ्याला पुन्हा भेटेलच!