मामाचा शब्द

काका, मामा, आतोबा आणि मावसा या चौघांना इंग्रजीने ‘अंकल’ या एकाच शब्दाच्या पंक्तीस बसविले, याचे नवल आपल्याला शाळेतच वाटून जाते. परंतु आद्य इंग्रजी अशी नव्हती. तिच्यात पितृव्याला ‘फॅडेरा’ आणि मातुलाला ‘एआम’ असे दोन स्वतंत्र शब्द होते, आणि त्यांपैकी पहिला तर आपल्या ‘पितृव्य’ शब्दाचाच दूरचा सगोत्र होय.

मला ओढ आहे ती दुसऱ्याची. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ. स. 98 च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहिताना नमूद केले आहे की, त्यांच्यात भाचा हा मामाला बापाइतकाच प्रिय असतो, आणि काही जण तर हे नाते अधिक पवित्र मानून ओलीस मागताना भाच्यांचाच आग्रह धरतात. याच कुळातल्या लोकांनी पुढे इंग्लंडात वस्ती केली आणि त्यांच्या ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याचा नायक हायजेलाक राजाचा भाचा झाला. त्या काव्यात हिल्डेबुर्ह नावाच्या राणीचे एक उपाख्यान आहे. सासर आणि माहेर यांच्या संग्रामात तिचा भाऊ पडतो, मुलगाही पडतो, आणि भावाच्या चितेवरच मुलाला ठेवण्याची ती आज्ञा करते. इ. स. 1000 च्या आसपासच्या एकमेव हस्तलिखितात या ठिकाणी ‘दीन’ अशा अर्थाचा शब्द आहे. पण त्यातला एक ‘र’ लेखनिकाच्या हातून चुकून जास्तीचा शिरला असावा आणि मूळ पाठ ‘मामाच्या खांद्याशी’ असा असावा, असे कित्येक संपादकांनी मानले आहे. मला हाच पाठ खरा वाटतो. आपल्या दैन्याचा उच्चार त्या मातेने कशाला करावा? जिवंतपणी रणाने तोडलेले नाते तिला अग्नीच्या साक्षीने जोडावयाचे होते.

1066 साली नॉर्मन आले, दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि तिच्याबरोबर ‘अंकल’ आला. लॅटिनमध्ये त्याचे मूळ ‘लहानसा आजोबा’ असे आहे आणि तेथेही तो मामालाच लावीत. रोमन काका मात्र कठोर बोलण्याबद्दल म्हणीसारखा प्रसिद्ध होता. विशेष हे की, ‘एआम’चे पूर्वपदही त्याच आजोबावाचक धातूतून निघाले असल्यामुळे, ज्याने त्याला बेदखल केले तो परका नसून भाऊबंदच होता. चॉसरच्या काव्यात दोन्ही शब्द नांदतात. पुढे जुना शब्द ‘ईम’ होऊन उत्तरेकडील बोलींत आणि स्कॉटलंडात मागे राहिला.

कोणत्या बाजूचा, हे सांगण्याची जबाबदारी सुटल्यावर ‘अंकल’ कोणालाही लावता येऊ लागला. अमेरिकेच्या दक्षिण भागात वृद्ध कृष्णवर्णीय गुलामाला ‘मिस्टर’ हे मानाचे संबोधन नाकारून गोरे लोक ‘अंकल’ म्हणत, आणि 1852 साली प्रसिद्ध झालेल्या श्रीमती स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीचे नावच त्याची साक्ष देते. नात्याचा शब्द नाते नाकारण्याच्या कामी यावा, यासारखी दुःखद गती दुसऱ्या कोणत्या शब्दाला मिळाली असेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडे शेजाऱ्याला ‘अंकल’ म्हणण्याची वहिवाट पडली आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण आईच्या सख्ख्या भावालाही मुले तसेच हाकारताना ऐकली, की मला लग्नमंडपातली ती घटका आठवते. अंतरपाट धरलेला असतो, आणि गुरुजी मोठ्याने पुकारतात, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.”