रक्ताची गुठळी आणि कर्करोगाचा फैलाव

पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात आर्मां त्रूसो हे नामांकित वैद्य अध्यापन करीत. ज्याच्या शिरेत उघड कारणावाचून रक्त गोठते, त्याच्या शरीरात कर्करोग दडलेला असू शकतो, असे त्यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत सांगितले. पुढे त्यांच्या स्वतःच्या शिरेत तशीच गुठळी झाली. तिचा अर्थ त्यांना कोणी सांगावा लागला नाही. १८६७ मध्ये पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

कर्करोगाच्या पेशी रक्त गोठविणारी द्रव्ये निर्माण करतात, हे आता ठाऊक आहे. आणि गोठलेले रक्त उलट त्या पेशींच्याच उपयोगी पडते. मूळ गाठीपासून सुटून रक्तप्रवाहात शिरलेल्या बहुतेक पेशी वाटेतच नष्ट होतात. काही प्रवाहाच्या माऱ्याने फुटतात, काहींना प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठतात. परंतु जिच्याभोवती प्लेटलेट्स आणि फायब्रिनचे तंतू जमतात, तिला चिलखत मिळते. त्याच्या आडोशाने ती रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि फुप्फुसात वा यकृतात नवे बिऱ्हाड थाटते. १९६८ मध्ये अमेरिकेत गासिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्तातील प्लेटलेट्स घटविल्या, तेव्हा रोगाचा फैलावही घटला.

मग रक्त गोठू न देणारे औषध दिले, तर फैलाव थांबेल काय? प्राण्यांवरील प्रयोगांत हेपारिनने आशा दाखविली; माणसांत ती टिकली नाही. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २,२०० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत डाल्टेपॅरिन हे हेपारिन देण्यात आले. गुठळ्या कमी झाल्या, रक्तस्राव वाढला, आयुष्य मात्र वाढले नाही. तेव्हा 'रक्त पातळ केले की कॅन्सर पसरत नाही' असे ऐकून कोणी परस्पर गोळी सुरू करू नये.

गुठळी झालेल्या रुग्णासाठी मात्र हेच औषध प्राणरक्षक आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण वॉरफरिनच्या जातीच्या गोळीवर शेकडा १७ होते, डाल्टेपॅरिनवर शेकडा ९.

येथे जैन घरांत एक अवघड प्रश्न उभा राहतो. हेपारिन व त्यापासून केलेली इंजेक्शने बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून मिळतात. हे उपचारांच्या मध्यात कळले आणि घरच्यांनी इंजेक्शन परस्पर बंद केले, तर गुठळी फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो. त्यापेक्षा आरंभीच डॉक्टरांना विचारावे. फोंडापॅरिनक्सचे इंजेक्शन, ॲपिक्साबॅन व रिव्हरॉक्साबॅन या गोळ्या, यांतील औषध रासायनिक रीतीने तयार होते. मूत्रपिंड दुबळे असेल किंवा गाठ जठर-आतड्यांत असेल, तर त्या प्रत्येकास चालतीलच असे नाही; निवड डॉक्टरांनीच करावयाची.

वॉरफरिन घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. पालेभाज्यांतील व्हिटॅमिन के त्या गोळीचा जोर कमी करते. चातुर्मासात पालेभाजी बंद झाली की तीच मात्रा जास्त पडून रक्तस्राव होऊ शकतो, आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर ताटात मेथी-पालक परतले की ती अपुरी पडू शकते. म्हणून नियम घेण्यापूर्वीच डॉक्टरांना कळवावे, आणि आहार बदलल्यावर दोन्ही वेळा आयएनआर तपासून मात्रा ठरवून घ्यावी.