राखेचे सिमेंट आणि आजोबांची सुरखी

जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता नर्मदा आडवी येते. हाच तिलवारा घाट. १९३९ चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन याच परिसरात भरले आणि १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग येथेच नर्मदेत सोडण्यात आला. आता शहर घाटाच्या दिशेने पसरत चालले आहे, आणि नवे घर उठू लागले की एक वाद ठरलेला. दुकानदार 'पीपीसी' सिमेंटचे पोते पुढे करतो, गवंडी नाक मुरडतो, "हे राखवाले आहे, पक्के व्हायचे नाही." आयुष्याची पुंजी ओतून घर बांधणारे कुटुंब मध्ये अडकते. त्यांची धास्ती उगीच नाही. २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप ज्या जबलपूरकरांनी अनुभवला, त्यांना भिंतीची मजबुती हा गप्पांचा विषय राहिलेला नाही.

मग सिमेंटात राख म्हणजे भेसळ का? आजोबांच्या वाड्याची भिंत काय सांगते ते पाहू. तेव्हा सिमेंट नव्हते. बैलाच्या घाणीत चुना मळत आणि त्यात भाजलेल्या विटांचा बारीक चुरा, म्हणजे सुरखी, घालत. फुटक्या, टाकाऊ विटाच त्यासाठी कुटल्या जात. नुसता चुना ओलाव्यात नीट धरत नाही, सुरखीशी मिळाला की दगडासारखा होतो. सिमेंट पाण्यात कालवले की त्यातूनही थोडा चुना सुटतो आणि एरवी तो तसाच पडून राहतो. औष्णिक वीज केंद्रातली बारीक राख त्या चुन्याला धरते आणि त्याचाच पक्का बंध बनवते. सुरखीचे काम राख करते, एवढेच. म्हणूनच राखेच्या काँक्रीटमध्ये पाणी कमी झिरपते. मात्र हा बंध सावकाश जमतो, आणि गवंड्याची तक्रार येते ती येथून.

सिमेंट या भागाला नवे नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात देशात जे अगदी पहिले सिमेंट कारखाने उभे राहिले त्यांत पोरबंदर आणि लाखेरीबरोबर कटनी होते, आणि १९९८ पर्यंत कटनी जबलपूर जिल्ह्यातच मोडत असे. कारण उघड आहे, चुनखडी. पण गोम याच चुनखडीत आहे. सुमारे १४५० अंश तापमानाला ती भाजली की क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मूळ खडा तयार होतो आणि दर टन क्लिंकरमागे जवळजवळ पाऊण ते एक टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. त्यातला अर्ध्याहून अधिक कोळशाच्या धुराचा नसून खुद्द दगडातून निघालेला असतो. भट्टी कितीही सुधारा, तो निघणारच. क्लिंकर कमी वापरणे हा त्यावरचा सरळ उपाय.

दुसरीकडे राखेचे डोंगर आहेत. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. उमरिया जिल्ह्यातील बिरसिंगपूर आणि नरसिंगपूर जिल्ह्यातील गाडरवारा येथे मोठी वीज केंद्रे आहेत. ही राख साठवून ठेवणे किती जोखमीचे, ते नागपूरकरांनी जुलै २०२२ मध्ये पाहिले. कोराडी केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राख नदीच्या पाण्यात मिसळली. तलावात साचण्यापेक्षा ती भिंतीत गेलेली बरी.

भारतीय मानक आयएस १४८९ नुसार अशा सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. ती कारखान्यात तपासून, प्रमाणात मिसळलेली असते. ठेकेदाराने साइटवर आणखी राख ढकलली तर ती मात्र भेसळच. चुलीची किंवा वीटभट्टीची राख तर मुळीच नको, कारण तिच्यात न जळलेला कोळसा असतो. बालाघाट-गोंदियाच्या भातगिरण्यांत धानाच्या तुसाची राख पडते. तीही गुणाची, पण बेताच्या आचेवर जाळलेली असेल तरच. गिरणीच्या बॉयलरमधून जशी येईल तशी उचलून वापरता येत नाही.

आता कोणी विचारेल, उद्या कोळसा कमी जाळला तर राख कुठून आणायची? त्याचे उत्तर पुन्हा सुरखीकडे जाते. भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडीची पूड मिसळून 'एलसी३' नावाचे सिमेंट बनते, त्यात क्लिंकर जवळपास निम्मेच लागते. चिनी मातीच्या भांड्यांसाठी बाद ठरलेली, खाणीवर पडून राहिलेली माती यात चालते. जबलपूरला कौले आणि मातीच्या वस्तूंच्या कारखान्यांची जुनी परंपरा आहे, तेव्हा ही गोष्ट येथल्या लोकांना परकी वाटू नये. झाशीला या सिमेंटचे एक नमुना-घर बांधून झाले आहे आणि २०२३ मध्ये त्याला भारतीय मानकही मिळाले.

तिलवाऱ्याच्या त्या घरासाठी मात्र आजचा प्रश्न पाण्याचा आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी द्यावे लागते, राखेच्या सिमेंटला किमान दहा, आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर चौदा दिवस, असे आयएस ४५६ सांगते. साचा काढायचीही घाई चालत नाही. पुष्कळदा होते असे की चौथ्या दिवशी गवंडी दुसऱ्या कामावर जातो, स्लॅब उन्हात वाळतो, पुढे तडा जातो आणि दोष राखेच्या माथी येतो. तेव्हा पोते बदलण्यापेक्षा सौदा ठरवतानाच स्लॅबवर वाफे बांधायचे, खांबांना ओली गोणपाटे गुंडाळायची आणि मे महिन्यात चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी कोण घालणार, हे नावानिशी ठरवून घ्यावे. बहुतेक घरांत ते काम शेवटी आजी किंवा शाळेला सुटी लागलेली मुलेच करतात.