यंत्राचे डोळे आणि आपली मुले

द्वारका परिसरातून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आपली माणसे हातांचे बळ घेऊन गेली. आता वाहनउद्योगात ते काम यंत्रमानव करू लागला आहे.

दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतील फरकावरून तो वस्तूचे अंतर काढतो. परंतु एकरंगी, सपाट पृष्ठभागावर ही तुलना फसते. तेथे प्रकाश परतण्याच्या वेळेवरून अंतर मोजणारा कॅमेरा उपयोगी पडतो. मात्र चकचकीत धातू त्यालाही चकवतो. म्हणून दोघांची साक्ष पडताळावी लागते. पहिल्या रीतीचे मूळ गणित समरूप त्रिकोणांचे, म्हणजे दहावीचेच आहे.

१९४५च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राचा पुरस्कार केला, तो माणसाला फुरसत व संस्कृती लाभावी म्हणून. ती फुरसत आपल्या वाट्याला बेकारी होऊन येऊ नये, यासाठी निवासी शाळांनी भूमितीसोबत कॅमेरा आणि संगणकही मुलांच्या हाती दिला पाहिजे.