सहकारी गेल्यानंतर

रायपूरच्या भनपुरीसारख्या कारखान्यांच्या भागात कामगार वारला की शोकाचा क्रम ठरलेला असतो. पाळी सुरू होण्याआधी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहणे, फोटोला हार, वर्गणीचे पाकीट घरी पोचवणे, मोबाइलवर श्रद्धांजली. तेरावा उरकला की हजेरीपटावरच्या नावावर रेघ पडते आणि ठेकेदार त्या जागी दुसरा माणूस आणतो. शोक खरा असतो, पण तो तिथेच थांबतो.

हा मुद्दा २८ सप्टेंबरच्या आठवड्यात पुन्हा समोर येतो. १९९१ मध्ये याच तारखेला भिलाईत कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची झोपेत गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्या फोटोला दरवर्षी हार पडतो. त्यांच्या संघटनेने आपल्या मृत सहकाऱ्यांची आठवण कशी जपली, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. खटकते ते हेच.

मराठी परंपरेत सहकाऱ्यांची आठवण मुख्यतः शब्दांत राहिली. १७ जून १८९५ रोजी गोपाळ गणेश आगरकर वयाच्या ३८ व्या वर्षी गेले. आपल्या अंत्यसंस्काराचा भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून त्यांनी पैशांची पुडी बाजूला बांधून ठेवली होती. टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल आणि केसरी त्यांच्यासोबत उभे केले, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस त्यांच्यासोबत काढले आणि पुढे त्यांच्याशी कडाक्याचे भांडणही केले. त्याच टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. मतभेदाच्या पलीकडचा सहकारी त्या लेखात दिसतो. शब्दांनी एवढे साधते.

दल्ली राजहराच्या लोहखाणींत कामगारांनी दुसरी वाट धरली. नियोगींच्या छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघाच्या उपाध्यक्ष कुसुमबाई १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाळंतपणात, नीट उपचार न मिळाल्याने दगावल्या. हजारो कामगार जमले. संताप एवढा होता की तोडफोड सहज झाली असती. त्याऐवजी, आपल्या बाया-बापड्यांवर पुन्हा ही पाळी येऊ नये म्हणून स्वतःचे प्रसूतिगृह उभारण्याचा निश्चय झाला. २६ जानेवारी १९८२ रोजी संघटनेच्या गॅरेजमध्ये दवाखाना सुरू झाला. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून इमारत उभी राहिली आणि ३ जून १९८३ रोजी १५ खाटांचे शहीद हॉस्पिटल उघडले. नाव आणि तारीख दोन्ही जून १९७७ च्या पोलिस गोळीबारात मारल्या गेलेल्या ११ जणांच्या स्मरणार्थ. उद्घाटनाचा मान एका वयोवृद्ध खाणकामगाराला आणि एका आदिवासी शेतकऱ्याला मिळाला.

दोन्ही स्मरणांत प्रेम सारखेच आहे. मृत्युलेख गेलेल्या माणसाची ओळख पुढच्या पिढीला करून देतो. रुग्णालय त्याच्या मृत्यूचे कारण शोधून पुढच्या सहकाऱ्याला त्यातून वाचवते. कुसुमबाईंना ज्या खाटेची गरज होती, ती खाट त्यांच्यानंतरच्या बाळंतिणींना मिळाली. सहकाऱ्याला याहून मोठी श्रद्धांजली नाही.

भनपुरीत लगेच रुग्णालय उभे राहणार नाही. पण मृताच्या घरी वर्गणीच्या पाकिटापेक्षा मोठी रक्कम पोचवणे सहकाऱ्यांच्या हातात आहे. पीएफचा सभासद असलेला कामगार नोकरीत असताना वारला, तर कुटुंबाचा हक्क तिहेरी असतो: जमा निधी, कुटुंब पेन्शन आणि ठेवसंलग्न विमा. या विम्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे. ठेकेदाराकडचा कामगारही पीएफच्या कायद्याबाहेर नाही. अडते ते कागदांवर: वारसाची नोंद केलेली नसते, आधार आणि पीएफ खात्यातले नाव जुळत नाही, बँकेचे पासबुक सापडत नाही. नुकत्याच विधवा झालेल्या बाईला हे एकटीने निस्तरता येत नाही. शेजारच्या मशीनवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाने तिच्यासोबत दोन-तीन चकरा मारल्या, तर काम मार्गी लागू शकते.

म्हणून प्रत्येक पाळीतल्या दोघांनी ही जबाबदारी आपल्याकडे घ्यावी: सर्वांची वारसनोंद आजच तपासायची आणि कुणी गेले, तर पैसे घरी पोचेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही. दोन मिनिटांची स्तब्धता त्यानंतर पाळावी.